कमानीखालून कोण गेले?

बर्डीचा बाजार नागपूरकरांना पाठ असतो. कुठल्या बोळात साड्या, कुठे जोडे, कुठे जुनी पुस्तके, हे डोळे मिटून सांगणारी माणसे घराघरात सापडतील. पण त्याच बाजाराच्या डोक्यावर जी टेकडी आहे, तिच्यावर गेलेला माणूस शोधावा लागतो. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. तेथे प्रादेशिक सेनेची ११८वी बटालियन असते आणि सामान्य लोकांसाठी दरवाजा उघडतो तो वर्षातून तीनच दिवस : २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. एका पारतंत्र्याची सुरुवात जिथे झाली, ती जागा पाहायला मिळते ती प्रजासत्ताक, महाराष्ट्र आणि स्वातंत्र्य यांच्या दिवशी. हा योगायोग कुणी ठरवून आणला नसेल, पण तो अर्थपूर्ण आहे.

किल्ला म्हटले की तो आधी बांधलेला असतो आणि लढाई नंतर होते, अशी आपली समजूत असते. राजगड, सिंहगड, गाविलगड, नरनाळा यांनी ती पक्की केली आहे. सीताबर्डीचे उलटे आहे. १८१७ साली येथे लढाई झाली तेव्हा शेजारी शेजारी दोन टेकड्या होत्या, एक मोठी आणि एक धाकटी, आणि मध्ये सखल जागा. तटबंदी आली ती इंग्रज जिंकल्यानंतर. म्हणजे या किल्ल्याने लढाई पाहिलेली नाही. तो लढाईच्या निकालातून उभा राहिला. या अर्थाने तो गडकोटांच्या कुळातला कमी आणि विजयस्मारकांच्या कुळातला जास्त आहे. त्या कुळाचे मूळ पाहायचे तर रोमला जावे लागते.

टायटसची कमान

रोमच्या फोरममध्ये, व्हिया साक्रा म्हणजे 'पवित्र मार्ग' जिथे चढाला लागतो तिथे, एकाच कमानीचे एक स्मारक उभे आहे. उंची सुमारे १५ मीटर, रुंदी साडेतेरा. सम्राट टायटस इसवी सन ८१ मध्ये वारला आणि त्याचा धाकटा भाऊ डोमिशियन याने त्याच्या स्मरणार्थ ही कमान उभारली. निमित्त अकरा वर्षांपूर्वीच्या विजयाचे : इसवी सन ७० मध्ये टायटसने जेरुसलेम जिंकले, तिथले मंदिर जळाले आणि मंदिरातली संपत्ती रोमला आली.

रोमन लोकांत विजय साजरा करण्याचा एक ठरलेला विधी होता. सेनापतीला विजयमिरवणूक काढायची तर सिनेटची परवानगी लागे. मग चार घोड्यांच्या रथात उभा राहून, डोक्यावर लॉरेलचा मुकुट घालून तो शहरातून जाई. पुढे लुटीचे सामान, बेड्या घातलेले कैदी, मागे गाणी म्हणणारे सैनिक. मिरवणूक संपे ती कॅपिटॉल टेकडीवरच्या ज्युपिटरच्या मंदिरापाशी. इसवी सन ७१ मध्ये टायटस आणि त्याचा बाप व्हेस्पेशियन यांची अशी मिरवणूक निघाली. योसेफस या ज्यू इतिहासकाराने तिचे तपशीलवार वर्णन लिहून ठेवले आहे. बंडाचा एक पुढारी सिमोन बार गियोरा याला त्या मिरवणुकीत फिरवून शेवटी ठार करण्यात आले.

मिरवणूक एका दिवसात संपते. ती दगडात धरून ठेवायची युक्ती म्हणजे ही कमान. आत शिरले की एका भिंतीवर माणसे खांद्यावरून सात शाखांची मोठी दीपमाळ, म्हणजे मेनोरा, वाहून नेताना दिसतात. सोबत मंदिरातले मेज आणि कर्णे. समोरच्या भिंतीवर रथातला टायटस, आणि विजयदेवता त्याच्या डोक्यावर मुकुट धरते आहे. मान वर केली की कमानीच्या पोटात नक्षीदार चौकटी, आणि मधोमध गरुडावर बसून स्वर्गाकडे निघालेला तोच टायटस. खालून जाणाऱ्याने आधी लूट पाहायची, मग विजेता आणि शेवटी देव झालेला विजेता, असा हा क्रम आहे.

रचनेतही हाच डाव आहे. दोन बाजूंना दोन जाडजूड पाये, त्यांच्यावर पाचरीसारखे घडवलेले दगड अर्धवर्तुळात बसवलेले. बांधताना खाली लाकडी आधार द्यावा लागतो. आपल्याकडचा गवंडी आजही स्लॅबखाली सेंटरिंग लावतो, तसाच. माथ्यावरचा मधला दगड बसला की आधार काढता येतो, कारण प्रत्येक दगड शेजारच्याला रेटत असतो आणि तो रेटा दोन्ही बाजूंच्या पायांत उतरतो. भोवती लावलेले खांब पुष्कळसे शोभेचे आहेत. भार कमान पेलते. त्या खांबांच्या माथ्यावर आयोनिक शैलीची वळणे आणि कोरिंथियन शैलीची पाने एकत्र केली आहेत, आणि या मिश्र शैलीचे हे फार आरंभीचे उदाहरण मानतात. सगळ्यांत वर एक बंद, जड मजला आहे. त्यात खोली म्हणून काही राहण्याजोगे नाही. तो आहे लेखासाठी : सिनेटने आणि रोमन जनतेने दैवी टायटसला अर्पण केलेली कमान, एवढाच मजकूर मोठमोठ्या अक्षरांत.

येथे आपल्याकडच्या दरवाजांचा फरक लक्षात येतो. मराठ्यांच्या वाड्यांच्या आणि गढ्यांच्या दरवाजांनाही वरचा मजला असतो, पण तो असतो नगारखाना. रोमन दरवाजा माथ्यावरून वाचायला लावतो, आपला ऐकवतो. नगारा थांबला की दरवाजाही मुका होतो. अक्षरे मात्र दोन हजार वर्षे बोलत राहतात. आपल्या दरवाजांचा इतिहास लवकर विसरला जातो, त्याचे एक कारण हे असावे.

सत्तावीस नोव्हेंबरची दुपार

आता पुन्हा बर्डीला येऊ. १८१६ च्या मार्चमध्ये दुसरे रघूजी भोसले वारले. मुलगा परसोजी गादीवर आला, पण कारभार चुलतभाऊ अप्पासाहेबाने हाती घेतला आणि त्याच वर्षी मे महिन्यात इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. १८१७ च्या आरंभी परसोजी मारला गेला आणि अप्पासाहेब राजा झाला. तोवर पुण्यात दुसऱ्या बाजीरावाचे इंग्रजांशी फाटले होते. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. २४ नोव्हेंबरला अप्पासाहेबाने नागपुरात दरबार भरवून पेशव्यांकडून आलेली 'सेनासाहेब सुभा' या पदाची वस्त्रे स्वीकारली. नागपुरातला इंग्रजांचा रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याला आणखी काही सांगायची गरज उरली नाही. त्याने फौज तेलंगखेडीच्या बाजूने सीताबर्डीच्या टेकड्यांवर हलवली. रेसिडेन्सी टेकड्यांच्या पश्चिमेला पायथ्याशीच होती.

२६ तारखेच्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला तो रात्रभर चालला. लेफ्टनंट कर्नल हॉप्टन स्कॉटच्या हाताखाली कंपनीचे सुमारे चौदाशे लोक होते, बहुतेक मद्रासी शिपाई आणि बंगाल घोडदळाच्या तीन तुकड्या. समोर भोसल्यांची फौज इंग्रजी नोंदींप्रमाणे अठरा हजारांच्या घरात, आणि तिच्यातले कणखर लोक म्हणजे अरब पायदळ. सकाळी धाकट्या टेकडीवर दारूचा स्फोट होऊन गोंधळ उडाला तेव्हा अरबांनी ती टेकडी घेतली आणि तिथली तोफ मोठ्या टेकडीवर रोखली. लढाई हरल्यातच जमा होती. त्या वेळी कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने रेसिडेन्सीच्या बाजूने मैदानात धडक मारली, त्या गडबडीत पायदळाने धाकटी टेकडी परत घेतली आणि दुपारपर्यंत भोसल्यांची फौज मागे हटली. कंपनीचे ३६७ लोक मेले किंवा जखमी झाले. चौदाशेंत ३६७, म्हणजे चारात एक.

विजयाची एक नोंद दगडाऐवजी आकड्यात झाली. धाकटी टेकडी लढवणाऱ्या २४ व्या मद्रास पलटणीतले शिपाई मूळच्या पहिल्या पलटणीचे होते. १८०६ च्या वेल्लोरच्या बंडानंतर ती पलटण मोडून तिचा क्रमांक काढून घेतला होता. सीताबर्डीनंतर त्यांनी बक्षीस मागितले ते जुन्या क्रमांकाचे, आणि ते मिळाले. रोमन सेनापतीला रथ मिळे. या शिपायांना 'पहिली' हे नाव परत मिळाले. ते देशी शिपाई होते, आणि ज्यांच्याशी लढले त्यांच्यातही देशी शिपाई होते, हे लक्षात घेतले म्हणजे कंपनीच्या विजयांची घडण कशी होती ते समजते.

टेकडीवर नंतर तट उभा राहिला, आत लढाईत पडलेल्यांची थडगी राहिली. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांनी या किल्ल्यावरून नागपूरच्या लोकांना दर्शन दिले, त्याचा स्तंभही तेथे आहे. रोमच्या कमानीत सम्राट वर आणि प्रजा खालून जाते. बर्डीच्या टेकडीवर तोच देखावा झाला.

जुम्मा दरवाजा

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात नागपूरचे राज्य २७ नोव्हेंबरला पडते आणि प्रकरण आटोपते. प्रत्यक्षात शहर त्यानंतर महिनाभर हातात येत नव्हते. डिसेंबरात जनरल डव्हटन मोठी फौज घेऊन आला. १६ डिसेंबरला अप्पासाहेब शरण आला आणि त्याच दिवशी शहराबाहेर दुसरी लढाई होऊन भोसल्यांच्या तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. राजा गेला, तोफा गेल्या, तरी शहराच्या आतले अरब शिपाई हटेनात. त्यांनी शहराचा महाल नावाचा भाग धरून ठेवला.

इंग्रजांनी तोफा लावल्या त्या जुम्मा दरवाजावर. जुम्मा तलावाच्या अंगाला असलेला शहराचा हा पश्चिमेकडचा दरवाजा. २४ डिसेंबरला खिंडार पाडून हल्ला चढवण्यात आला आणि तो फसला. हल्लेखोरांना बरेच लोक गमावून मागे फिरावे लागले. शेवटी वाटाघाटी झाल्या. बायकामुले आणि सामानसुमान घेऊन सुखरूप जाऊ द्यावे, या अटीवर अरब ३० डिसेंबरला शहराबाहेर पडले. म्हणजे नागपूर शहर इंग्रजांनी शस्त्राने घेतले असे म्हणता येत नाही. ते त्यांना बोलणी करून रिकामे करून घ्यावे लागले.

तो दरवाजा आज महालात उभा आहे. त्याला गांधी गेट म्हणतात, आणि जुम्मा तलावाला गांधीसागर. शेजारच्या चौकात छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा आहे. रिक्षा, सायकली, गणपतीच्या मिरवणुका, लग्नाच्या वराती यांची येथून सतत ये-जा असते. सीताबर्डीवर जिंकलेल्यांनी किल्ला बांधला. जुम्मा दरवाजावर ज्यांनी हल्ला परतवला, ते पगारी परदेशी शिपाई होते आणि आठवडाभरात निघून गेले. त्यांचा राजा आधीच शरण आला होता. त्यांच्या वतीने लेख कोरायला कुणी उरले नाही. इतिहासात विजय होणे पुरेसे नसते. त्याची नोंद ठेवणारी सत्ता टिकावी लागते.

अप्पासाहेबाचे पुढे काय झाले तेही येथेच सांगून टाकावे. जानेवारी १८१८ मध्ये त्याला गादी परत मिळाली, दोन महिन्यांत अटक झाली, मे महिन्यात तो पहाऱ्यातून निसटला, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला राहिला, मग असीरगड, मग पंजाब, आणि १८४० साली जोधपूरला वारला. त्याच्या नावाचा विजयस्तंभ कुठे नाही.

उलट दिशेने

विजयस्मारकांची एक अडचण त्यांच्या घडणीतच असते. ती रस्त्यावर उभी असतात आणि रस्त्यावरून कुणीही चालू शकतो. टायटसच्या कमानीखालून जायचे नाही, असा रोममधल्या ज्यू लोकांत शेकडो वर्षे दंडक होता. १९४७ च्या नोव्हेंबरअखेर संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव केला, तेव्हा डिसेंबरात रोमचे ज्यू त्या कमानीपाशी जमले आणि तिच्याखालून मूळ विजयमिरवणुकीच्या उलट दिशेने चालत गेले. कमानीवर कोरलेली लुटीतली दीपमाळ दोन वर्षांत इस्रायलच्या राजमुद्रेवर आली. डोमिशियनने कोरलेला एकही दगड हलला नव्हता. त्यातून चालणारे बदलले होते.

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाची कथा याच जातीची. १९११ मध्ये पंचम जॉर्ज अपोलो बंदरावर उतरला, त्याची आठवण म्हणून जॉर्ज विटेट याने आखलेली ही २६ मीटर उंच कमान, डिसेंबर १९२४ मध्ये खुली झाली. येणाऱ्यांसाठी बांधलेला दरवाजा. पण तो इतिहासात पक्का झाला २८ फेब्रुवारी १९४८ ला, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची शेवटची ब्रिटिश तुकडी त्यातून बाहेर पडली तेव्हा.

कोरेगावचा स्तंभ तर सीताबर्डीच्याच युद्धातला. १ जानेवारी १८१८ ला भीमेकाठी पेशव्यांच्या फौजेशी झुंजलेल्या तुकडीसाठी कंपनीने तो १८२१ नंतर उभारला आणि त्यावर मेलेल्यांची नावे कोरली. कंपनीला त्यात आपला पराक्रम दाखवायचा होता. पण त्या नावांत महार शिपाई होते. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले आणि तेव्हापासून लाखो लोक तो स्तंभ निराळ्या अर्थाने वाचू लागले. कंपनी बुडाली, तिने कोरलेली नावे उरली.

नागपूरची उलट दिशेची मिरवणूक निघाली १९२३ साली. १ मेपासून येथे झेंडा सत्याग्रह सुरू झाला. तिरंगी झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समधून जायचे नाही, असा सरकारचा हुकूम होता. रोज स्वयंसेवकांची तुकडी झेंडा घेऊन निघे आणि पकडली जाई. देशभरातून माणसे येत राहिली, नागपूरचे तुरुंग भरत राहिले. जमनालाल बजाज पकडले गेल्यावर सूत्रे वल्लभभाई पटेलांकडे आली. १८ ऑगस्टला शेवटी झेंडा बंदी घातलेल्या त्या रस्त्यावरून वाजतगाजत गेला. रोममध्ये सेनापतीला विजयमिरवणुकीची परवानगी सिनेट देई. नागपुरात परवानगी नाकारली गेली, लोक साडेतीन महिने चालत राहिले आणि मिरवणूक हाच विजय झाला. या विजयाची कमान कुणी बांधली नाही आणि तिची गरजही पडली नाही. तो झेंडाच पुढे बदल होऊन देशाचा झाला.

दीक्षाभूमीचे तोरण

नागपुरातले सर्वांत मोठे विजयस्मारक मात्र बर्डीला नाही आणि महालातही नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला विजयादशमी होती. त्या दिवशी व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मैदानावर बाबासाहेबांनी चंद्रमणी महास्थविरांकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग लाखो अनुयायांना दिली. दसरा हा मराठी माणसाचा सीमोल्लंघनाचा, मोहिमेचा दिवस. बाबासाहेबांनी तो निवडला अशोक विजयादशमी म्हणून. यामागचा संदर्भ कलिंगाचा. अशोकाने तेराव्या शिलालेखात कलिंगात लाखभर माणसे मेली आणि दीड लाख लोक देशोधडीला लागले असे स्वतःच लिहिले, त्याबद्दल खेद व्यक्त केला आणि धम्माने मिळवलेला विजय हाच श्रेष्ठ विजय असे म्हटले. जिंकणाऱ्याने आपल्याच विजयाबद्दल खेद कोरून ठेवावा, असा दुसरा लेख जगात शोधूनही सापडणे अवघड.

दीक्षाभूमीचा स्तूप वास्तुशिल्पी शिवदान मल यांनी आखला. काम १९७८ साली सुरू झाले आणि १८ डिसेंबर २००१ ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. घुमटाची उंची आणि व्यास दोन्ही सुमारे १२० फूट. सांचीचा स्तूप भरीव आहे, त्याच्या आत जाता येत नाही, भोवती फिरायचे असते. दीक्षाभूमीचा स्तूप पोकळ आहे. आत एकाच वेळी हजारो माणसे बसू शकतात. हा बदल नुसत्या बांधकामाचा नव्हे. ज्यांना मंदिरांच्या पायऱ्यांवरच थांबवले गेले, त्यांच्या स्मारकाला आत जागा असणे हाच त्याचा आशय आहे.

चारी दिशांची दारे आणि त्यांची तोरणे सांचीच्या वळणाची आहेत. सांचीची तोरणे टायटसच्या कमानीच्या शतकभर मागेपुढे घडली, म्हणजे दोन्ही जवळपास समकालीन. पण घडण अगदी वेगळी. रोमन कमानीत दगड एकमेकांना रेटतात आणि त्या रेट्यावर तोल राहतो. सांचीच्या तोरणात दोन उभे खांब आणि त्यांवर तीन आडव्या तुळया, सुतारकामाची रीत दगडात आणलेली. भार सरळ खाली जातो, कुणी कुणाला ढकलत नाही. दक्षिणेच्या तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा मुख्य आनंद याचे नाव आहे, आणि विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी तेथे कोरीव काम केल्याची नोंदही आहे. टायटसच्या कमानीवर कारागिराचे नाव नाही. एकाने माथ्यावर सम्राट लिहिला, दुसऱ्याने काम करणारे हात.

दीक्षाभूमीच्या तोरणातून जाताना कुणाचा पराभव पायाखाली येत नाही. कुणाची दीपमाळ लुटून आणलेली नाही, कुणी कैदी मिरवलेला नाही. दर दसऱ्याला, विदर्भातून, मराठवाड्यातून, देशभरातून लोक येतात, पुस्तके विकत घेतात, बावीस प्रतिज्ञा वाचतात आणि परत जातात. विजयाचे स्मारक म्हणून याहून मोठी परीक्षा नाही : हरलेला कुणी नसताना लोक तेथे दरवर्षी का येतात?

नागपूरकरांनी आणि नागपूरला येणाऱ्यांनी म्हणून एक करावे. येत्या २६ जानेवारीला सीताबर्डीचा किल्ला उघडेल तेव्हा वर जावे, पंचम जॉर्जचा स्तंभ पाहावा, थडगी पाहावीत. तेथून महालात गांधी गेटला यावे आणि शेवटी दीक्षाभूमीला जावे. तीन ठिकाणे, एका दिवसात सहज होतात. आणि ज्यांच्या हाती शहराचा वारसा जपण्याचे काम आहे, त्यांनी गांधी गेटपाशी २४ डिसेंबर १८१७ ही तारीख मोठ्या अक्षरांत लावावी. नगारा थांबला आहे. निदान अक्षरे तरी असू द्यावीत.